खाद्याचा रकाना

गिळायला त्रास कधीपासून होतोय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकूने "झाले असतील आठ-दहा दिवस" असं सांगितलं. काकांनी मान हलवली. मीही हलवली. डॉक्टरांनी एकदा काकूच्या मनगटाकडे पाहिलं, एकदा वजनाच्या आकड्याकडे, आणि ते उत्तर काही कागदावर लिहून घेतलं नाही. खरं उत्तर काकांच्याच घरात, त्यांच्याच अक्षरात लिहून ठेवलेलं होतं. ते सापडायला आम्हाला आणखी नऊ दिवस लागले.

काकांचा फोटो स्टुडिओ म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरची एक अरुंद खोली. एक स्टूल, मागे निळा पडदा, आरसा आणि आरशाच्या खिळ्याला दोरीने बांधलेला कंगवा. ओळखपत्रांचे फोटो काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते "हनुवटी जरा वर" म्हणायचे, त्यामुळे त्यांचं नावच हनुवटीवाले पडलं होतं. काकूसुद्धा चिडली की म्हणायची, "हनुवटीवाले, जरा खालीही बघत चला, केर तुमच्याच पायाखाली आहे."

पण काकांचा जीव रमायचा तो दुसऱ्या फोटोंत. सुट्टीच्या दिवशी पहाटे ते गावाबाहेरच्या पाणथळीवर जायचे आणि चरणारे, टिपणारे, उकरणारे प्राणी टिपायचे. नुसता बसलेला पक्षी त्यांना नको असे. उडणारा तर मुळीच नको. पोटामागे लागलेला जीव खोटं वागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि नियम एकच, पण कडक: आमिष दाखवायचं नाही. एका छायाचित्रकाराने बगळ्यासाठी काठावर मासे टाकून ठेवलेले त्यांना दिसले, तर त्या माणसाशी ते पुन्हा कधी बोलले नाहीत. प्रत्येक फोटोची नोंद एका लांबट वहीत व्हायची. तारीख, वेळ, प्राणी, खाद्य. चार रकाने. चौथा रकाना भरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"पाखरांनी काय खाल्लं ते विचारा यांना," काकू आल्यागेल्याला सांगायची, "घरात काय शिजलं होतं ते नका विचारू." सगळे हसायचे. काकाही.

मग लोक आपापल्या फोनवर फोटो काढायला लागले आणि निळ्या पडद्यासमोरचं स्टूल दिवस-दिवस रिकामं राहू लागलं. त्याच सुमारास पाणथळीवर भराव पडला. काका स्टुडिओत नुसते बसून असायचे, घरी आले की तोंड फिरवून झोपायचे. कॅमेरा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटावर गेला. तो हिवाळा मला आठवतो. काकूच्या शिलाई मशीनचा आवाज तेवढा घरात असायचा.

आणि एका दुपारी न्हाणीघरातून काकांनी हाक मारली. "अगं, इकडे ये, आवाज करू नकोस." परसातल्या कुंपणाच्या भिंतीवर एक साळुंकी बसली होती आणि तिच्या चोचीत काहीतरी पांढरं होतं.

त्या घराची रचना सांगायला हवी. स्वयंपाकघराची खिडकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जेमतेम दोन हात रुंदीची बोळ आहे. न्हाणीघराच्या खिडकीतून ती बोळ दिसत नाही, फक्त भिंतीचा माथा दिसतो. शेजाऱ्यांचं झाड त्या भिंतीवर वाकलेलं आहे, त्याला बारीक हिरवी फळं लागतात. पाखरं बोळीत उतरायची, चोचीत काहीतरी घेऊन वर यायची आणि भिंतीवर बसून खायची. काकांनी न्हाणीघरात एक स्टूल ठेवलं, खिडकीची एक काच काढली, कॅमेरा टॉवेलातून बाहेर आला. दुपारी एक ते दोन स्टुडिओ बंद असे. काका घरी येऊन दहा मिनिटांत जेवायचे आणि सव्वा वाजता डोळ्यांत तेल घालून स्टुलावर बसायचे. काकू म्हणायची, तुम्ही व्हा पुढे, मी माझी सावकाश जेवते.

साळुंक्या आल्या, मग खारी आल्या. पुढे एक मुंगूसही येऊ लागलं. काकांचा चेहरा उजळला. ते पुन्हा बोलायला लागले, म्हणजे जरा जास्तच. वहीत पानंच्या पानं भरली. साळुंकी, खाद्य: अळी. खार, खाद्य: शेजारच्या झाडाची फळं. साळुंकी, अळी. साळुंकी, अळी.

काकू त्या वर्षात बारीक झाली, पण ते कुणाला दुखणं वाटलं नाही. ती शिवणकाम करणारी बाई. अंगावरचा कपडा सैल होण्याआधीच तिने तो आत घेतलेला असायचा. बाजारात भेटलेल्या बायका तिला, छान सडसडीत झालीस की गं, असं म्हणायच्या. ती म्हणायची, मशीनवर पाय मारून मारून आपोआप होतं, या तुम्हीपण.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर तपासण्या सुरू झाल्या. अन्ननलिकेत गाठ होती. ती किती जुनी, किती पसरलेली, याचे अहवाल यायचे होते. त्याच पंधरवड्यात वाचनालयाच्या सभागृहात काकांच्या तीस फोटोंचं प्रदर्शन भरायचं ठरलेलं होतं, त्यांच्या आयुष्यातलं पहिलं. त्यांनी ते रद्द करतो म्हटलं तर काकू भडकली. माझ्या दुखण्याचं निमित्त करू नका, म्हणाली. माझं अक्षर बरं, म्हणून फोटोंखालच्या पट्ट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

स्टुडिओत मी वहीतून नोंद वाचत होते आणि काका तो तो फोटो संगणकावर उघडत होते. तिसांतले एकोणीस त्या परसातल्या भिंतीवरचे होते. फोटो नीट आलाय की नाही हे काका नेहमी प्राण्याच्या डोळ्यात बघायचे. बुबुळ स्वच्छ दिसलं की झालं. तोंडातला घास किंचित धूसर असला तरी त्यांची हरकत नसे, कारण तो काय आहे हे त्यांना ठाऊकच असे.

"साळुंकी, एक वाजून बावीस मिनिटं, अळी," मी वाचलं आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "काका, अळी अशी असते? दोन्ही टोकांना सारखीच?"

त्यांनी फोटो मोठा केला. डोळ्यावरून चोचीवर सरकवला. ती अळी नव्हती. ते भाताचं शीत होतं. त्याला अजून एक शीत चिकटलेलं होतं.

त्यांनी पुढचा फोटो उघडला. खारीच्या पंजात हिरवं फळ. मोठं केल्यावर त्याचं साल सुरकुतून सुटलेलं दिसलं, शिजलेल्या वाटाण्याचं सुटतं तसं. त्याच्यापुढच्या फोटोत, वहीप्रमाणे, पिकल्या फळाचा केशरी तुकडा होता आणि त्याच्या कडा सरळ होत्या. फळाला कोपरे नसतात. तो सुरीने चिरलेला गाजराचा तुकडा होता.

"हे मी जेवलोय," काका म्हणाले. "याच दिवशी. वाटाणा, गाजर. बटाटासुद्धा होता."

मग ते वहीची पानं उलटी चाळत गेले, मागे, आणखी मागे, पहिल्या अळीपर्यंत. तिला अकरा महिने झाले होते. त्या पानात बोट घालून त्यांनी वही मिटली. बाहेर कुणीतरी ओळखपत्राचा फोटो काढायला आलं होतं. मी त्या माणसाला उद्या या म्हणून सांगितलं.

घरी काकू मशीनवर कुणाची तरी बाही लावत होती. काकांनी वही तिच्यापुढे ठेवली. तिने वही पाहिली, त्यांच्याकडे पाहिलं आणि पायाने मशीन थांबवलं. काका काही विचारायच्या आतच ती बोलायला लागली, एखाद्या जुन्या गोष्टीबद्दल बोलावं तशी. आधी कोरडं अडकायचं, मग भातही. ताटातलं टाकून द्यायचं तर तुम्हाला केराच्या डब्यात दिसलं असतं. म्हणून खिडकीतून टाकलं. तर साळुंकी आली, आणि तुम्ही न्हाणीघरातून हाक मारलीत. किती महिन्यांनी मारलीत तेही मला माहीत आहे.

"मला सांगायचं नाही?" काका म्हणाले.

"सांगणार होते. एकदा अगदी ठरवलं होतं." तिने बाहीचा दोरा दाताने तोडला. "पण त्या दिवशी मुंगूस आलं."

काका दुसऱ्या दिवशी वही घेऊन एकटेच डॉक्टरांकडे गेले आणि त्यांना ती पहिली तारीख दाखवली. तेव्हाच आणलं असतं तर, असं त्यांनी विचारलं असणार. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी मला बरेच दिवसांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, तो प्रश्न आता नका विचारू. पण तारीख मात्र त्यांनी कागदावर लिहून घेतली.

अहवाल आले. त्यात करण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं. नाकातून नळी घालून काकूला घरी आणलं आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत तिची खाट टाकली. दुपारचा स्वयंपाक मी करायला लागले. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "माझं ताट वाढ." मी नळीकडे पाहिलं. "अगं, माझ्यासाठी नाही, पाखरं वाट बघत असतील," ती म्हणाली. "आणि वाटाणे जरा जास्त शिजव, तुझे दगडासारखे होतात. खारींचे दात पडतील."

मी काकांकडे पाहिलं. आमिष हा शब्द आयुष्यभर शिवीसारखा वापरलेला माणूस. ते म्हणाले, वाढ. मग रोज सव्वा वाजता मी काकूच्या वाटचं ताट बोळीत रिकामं करायची. काका खाटेजवळ बसून असायचे, कॅमेरा न घेता. भिंतीवर कोण आलंय हे काकू आवाजावरून ओळखायची आणि बहुतेक वेळा चुकायची. काका तिला चुकू द्यायचे.

प्रदर्शन पंधरा दिवस पुढे ढकललं. दाराशी लावायच्या पाटीवर, यातील एकाही प्राण्याला आमिष दाखवलेलं नाही, असं एक वाक्य होतं. काकांनी ते स्वतःच्या हाताने खोडलं. परसातले एकोणीस फोटो काढून टाकावेत असं त्यांना वाटत होतं. ते खोटे आहेत, म्हणाले. काकूला ते पटलं नाही.

"पाखरांनी खाल्लं ते खरंच खाल्लं ना? मग चुकलंय ते तुमच्या वहीत. वही दुरुस्त करा."

म्हणून वही दुरुस्त करायला घेतली. काका तारीख वाचायचे, फोटो तिच्यापुढे धरायचे आणि ती आठवायची. काय केलं होतं, कशात मीठ जास्त पडलं होतं, कुठल्या दिवशी दोन घास गेले होते आणि कुठल्या दिवशी एकही नाही. काका अळी खोडून भात लिहायचे. फळ खोडून वाटाणा. कधी कधी वाद व्हायचा. हे बटाट्याचं साल आहे, असं काका म्हणायचे. मी बटाटा सोलून करते हे तुम्हाला चोवीस वर्षांत कळलं नाही, असं ती म्हणायची. हसायला गेली की तिला ठसका लागायचा, मग थोडा वेळ सगळं थांबायचं. चौदा फोटोंचं तिला आठवलं. उरलेल्या पाचांचं ती, उद्या बघू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला ग्लानी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

त्या पाच पट्ट्यांवर मी खाद्य असं लिहून पुढे जागा कोरी सोडली. काका फोटो टांगून लगेच घरी परतले. मी संध्याकाळपर्यंत वाचनालयात थांबले. खारीच्या फोटोसमोर एक बाई नवऱ्याला म्हणाली, बघा, हिलापण वाटाणे आवडतात. परत आल्यावर काकूने डोळे न उघडताच विचारलं, कुणाच्या काही लक्षात आलं का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं.

अकरा दिवसांनी ती गेली. पहाटे, काका शेजारी असताना.

पाचव्या दिवशी घरातली माणसं पांगली. मी भात लावला, वाटाणे शिजवले, आणि सव्वा वाजता सवयीने तिसरं ताटही वाढलं. खिडकीशी गेले. भिंतीवर दोन साळुंक्या बसल्या होत्या, मान वाकडी करून आत बघत. मी ताट कलतं करणार, तेवढ्यात काकांनी मागून माझं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले. "त्यांना कळू दे."

आम्ही खिडकीशी उभे राहिलो. एक साळुंकी बोळीत उतरली, इकडे तिकडे चालली, रिकाम्या चोचीने पुन्हा वर आली. दोघी बराच वेळ बसल्या. मग एक उडाली. दुसरी तिच्यामागे न जाता तिथेच राहिली.

काकांनी माझ्या हातातलं ताट घेतलं. ते खाली जमिनीवर बसले, चोवीस वर्षं काकू बसायची त्या जागी, आणि तिच्या वाटचं जेवायला लागले, सावकाश, एकेक घास. वाटाणा चावताना ते थांबले. "अजून दगडच आहेत," म्हणाले. त्यांनी पूर्ण ताट संपवलं. भिंतीकडे त्यांची पाठ होती, त्यामुळे दुसरी साळुंकी केव्हा गेली ते त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. दोनला सात मिनिटं कमी होती.