मामा हयात आहेत का?

मुरबाडच्या नाक्यावर लग्नपत्रिका छापणारे पुष्कळ. पण आपण पत्रिका छापत नाही, 'सिस्टिम' चालवतो, असं गिऱ्हाइकाला सांगणारा दीपेश एकच. इकडच्या पत्रिकेत नवरा-नवरी दोन ओळींत आटोपतात, उरलेला कागद भावकीचा. एक नाव गळलं की मांडवात रुसवा ठरलेला. म्हणून दीपेशने कॉम्प्युटरवरच्या टेक्स्ट एडिटरमध्ये स्वतःची फंक्शनं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम, लिहून ठेवली होती. गिऱ्हाइकाच्या घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका उघडून फंक्शन चालवलं, की ते नावं मानपानाने लावी आणि प्रत्येक वडीलधाऱ्यापाशी थांबून विचारी, 'हयात आहेत का?' मग दीपेश त्या घरी फोन लावून चौकशी करी आणि उत्तर भरी. उत्तर दिलं नाही, तर फंक्शन त्या नावाआधी 'कै.' लावून मोकळं.

आता एवढं कष्टाचं काम हुशार माणसाने किती दिवस करावं? ऐन लग्नसराईत त्याला शोध लागला, की एडिटर न उघडताही बाहेरून एक कमांड सोडली तर तीच फंक्शनं आतल्या आत चालतात. कमांड सोडायची, चहाला जायचं, येईतो पत्रिका तयार. या शोधाचा पहिला मान त्याने स्वतःच्याच लग्नाच्या पत्रिकेला दिला. छापली, पोरांकरवी गावोगाव वाटलीसुद्धा. वाचून बघायचा प्रश्नच नव्हता, सिस्टिम का कुठे चुकते?

वाचली ती माळशेजच्या वाटेवरच्या वैशाखरे गावात वत्सलामामीने. 'कै. सावळाराम', म्हणजे तिचा नवरा; पत्रिकेतल्या वडीलधाऱ्यांत खरोखर हयात असा तो एकटाच. कैलासवासी त्या वेळी ओटीवर बसून विडी ओढत होते. फंक्शनने आपलं काम चोख केलं होतं, प्रश्नही विचारला होता. पण समोर कोणीच नव्हतं. उत्तर नाही, म्हणजे माणूस नाही.

दीपेशचा बाप लहानपणीच गेला, आणि तो वाढला याच ओटीवर. शिवाय बोहल्यावर नवऱ्याच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि दीपेशला मामा एकच. त्याने मोटरसायकलला किक मारली आणि थेट वैशाखरं गाठलं. मामीने पाणी दिलं. बस म्हणाली नाही.

"मामा, मशीनची चूक झाली," तो म्हणाला. "ती इचारते, मामा हाय का. पण मी बाहेरून चालवली, तर सांगायला कोन नव्हता."

"मशीनला कशाला बोल लावतोस?" मामाने विडी विझवली. "तिनं इचारलं तरी. तू गेल्या पावसात दोस्तांना घेऊन माळशेजला धबधबे बघाया गेलास, जाता-येता आमच्याच दारावरनं. उतरलास का, मामा हाय का गेला बघाया?"

दीपेशकडे फंक्शनं ढीगभर होती. याला एकही लागू पडेना. त्याला मनापासून लाज वाटली, आणि रडूही आलं.

"लग्नाला याल ना?" त्याने कसंबसं विचारलं.

"मेलेला मानूस कसा येल?" म्हणत मामा आत निघून गेला.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला. भटजींनी विचारलं, "मुलाचे मामा आहेत का?"

पत्रिका सगळ्यांनीच वाचली होती. मागे वळून बघायची दीपेशची छाती होईना. तो खाली मान घालून उभा राहिला. तेवढ्यात खांद्यावर एक हात पडला, विडीच्या वासाचा.

"हाय," मामा म्हणाला. "चालू द्या."