सुभेदार आणि मुकं मशीन

चार माणसं रोज एकाच खोलीत बसली की किस्से साठतातच. कुणी मुद्दाम जपत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या सांगलीच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत असे बरेच साठले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे चिकोडे सर अमेरिकेत शिकून आले आणि येताना युनिक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची, टेप घेऊन आले. तेव्हा आमच्याकडं पडदा नव्हता. टेलिप्रिंटरवर हुकूम टाइप करायचा, उत्तर त्याच कागदावर खडखडत उमटायचं. ते चालवायला सरांनी रहिमतपूरचे सुभेदार माने आणले. फौजेत वीस वर्षं टेलिप्रिंटरवर गेलेली, बोटं बंदुकीसारखी चालायची. गणिताच्या कुमुदताई आपल्या पीएच.डी.च्या कामासाठी यायच्या. मी नवा डेमॉन्स्ट्रेटर, माधवनगरहून सायकल मारत यायचो.

युनिक्सची पहिली खोड म्हणजे काम नीट झालं तर ते काहीच बोलत नाही. सुभेदारांना हे पटेना.

"आवं सर, हुकूम दिल्यावर 'जी' म्हणाया नको? झालं का न्हाई, कळायचं कसं?"

"गप्प राहिलं म्हणजे झालं," सर म्हणाले.

सुभेदार खात्रीसाठी प्रत्येक हुकूम दोनदा द्यायला लागले. एकदा फाइल पुसली, परत पुसली. दुसऱ्या वेळी मशीननं छापलं, अशी फाइलच नाही. सुभेदार खूश. "आत्ता कसं, रिपोर्ट दिला."

मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमची तऱ्हा निराळी. काहीही चुकलं की तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापायचा. काय चुकलं, कुठं चुकलं, काही नाही. एकदा सुभेदार वैतागले आणि त्यांनीही उलट प्रश्नचिन्हच टाइप केलं. मशीननं परत प्रश्नचिन्ह दिलं. हातभर कागदावर दोघांची प्रश्नचिन्हं उतरली. कुमुदताई डोकावून म्हणाल्या, "आमच्या घरी रोज असंच चालतं."

सुभेदार कुठलाही मजकूर सुरू करताना वर इंग्रजी अक्षरांत 'श्री' लिहायचे, आणि शोभेसाठी दोन्ही बाजूंना @ हे चिन्ह. त्यांना ते फुलासारखं दिसायचं. त्या काळच्या युनिक्समध्ये त्या चिन्हाचा अर्थ होता, 'ही ओळ रद्द'. छापून काढलं की श्री गायब. चार दिवस असं झालं.

"सर, ह्ये मशीन देवाला मानत न्हाई."

"फुलं काढा, नुसतं श्री लिहून बघा."

श्री छापून आलं. सुभेदारांनी कागद निरखला. "मानतंय. थाटमाट नको म्हंतंय."

पण एकदा हसू पळालं. कुमुदताईंनी कवठे महांकाळकडच्या विहिरींच्या पाणीपातळ्या तीन वर्षं स्वतः हिंडून मोजल्या होत्या. ते आकडे मशीनमध्ये होते. त्यांच्या वह्या घरी वाळवीनं खाल्लेल्या. प्रबंध द्यायला महिना उरला होता. जुन्या फायली पुसायच्या म्हणून त्यांनी हुकूम सांगितला. त्यात एक चांदणी होती, * हे चिन्ह. चांदणीला चिकटून जे लिहाल, त्यानं शेवट होणाऱ्या फायली जातात. नुसती चांदणी म्हणजे सगळंच. सुभेदारांचं टायपिंग नीटनेटकं. त्यांनी चांदणीनंतर व्यवस्थित जागा सोडली.

मशीननं सगळं मुकाट पुसलं, आणि जागेनंतरच्या तुकड्याबद्दल तेवढं छापलं, अशी फाइलच नाही.

ताई भिंतीला टेकून खाली बसल्या. सुभेदार उठले आणि त्यांनी मागचं कपाट उघडलं. आत टेलिप्रिंटरच्या वर्षभराच्या कागदाच्या गुंडाळ्या, प्रत्येकीवर तारीख; टाइप केलेलं सगळं त्यांत होतं. "फौजेत लॉग फेकत न्हाईत, बाई. तुमी वाचा, मी टाइप मारतो." आठ दिवस दोघं बसली. एक आकडा चुकला नाही.

मग सरांनी नियम केला, पुसायच्या हुकुमाला 'आय' हा ऑप्शन लावायचाच. तो लावला की मशीन एकेका फायलीचं नाव छापून विचारतं, पुसू का? उत्तरातलं पहिलं अक्षर ते बघतं. इंग्रजी वाय असेल तर पुसतं, दुसरं काहीही असेल तर ठेवतं. आम्ही सुभेदारांना एवढंच सांगितलं, की पुसायचं तर वाय दाबा, नाहीतर नको म्हणा.

त्या वर्षी गॅदरिंगला प्रिन्सिपॉलांना आपलं भाषण कॉम्प्युटरमधून छापून हवं होतं. अकरा पानं. मी दोन दिवस खपून टाइप केलं. गॅदरिंगच्या सकाळी छापायला गेलो, तर फाइल नाही. प्रिन्सिपॉल आठवेल तेवढं बोलले, चार मिनिटं. टाळ्या थांबेनात.

सोमवारी सरांनी सुभेदारांना बोलावलं. "शनिवारी फायलींची साफसफाई तुम्हीच केलीत ना? भाषण पुसू का, असं त्यानं विचारलं होतं?"

"व्हय, इचारलं की. मला तर घामच फुटला. साहेबांचं भाषण पुसू का म्हंतंय! मी सपशेल नको म्हनलो, सर. कागद बघा."

सरांनी शनिवारची गुंडाळी उलगडली. भाषणाच्या नावापुढं, इंग्रजी अक्षरांत, सुभेदारांचं उत्तर ठसठशीत उमटलं होतं:

"येड्या, नको."