वगळलेल्याच्या घरी जाणारा कोच: हळर्ण ते पाळी

गुरुवारी माझा दीर रघू याचा फोन आला. "वयनी, रविवारी पाळीक मॅच आसा. हरलव तर माका काढतले. दादान माका कोच म्हणून कधी बघूक नाय. तू तरी ये गे."

मी लग्न होऊन बांद्याला आले तेव्हा रघू बारा वर्षांचा होता, म्हणून त्याला भावोजी कधी म्हटलंच नाही. आमचे हे गोव्यातल्या पाळीला खनिजाचा टिपर चालवायचे. त्यांनीच त्याला तिकडे नेलं. खाण कंपनीच्या फुटबॉल संघात त्याला खेळाडू म्हणून नोकरी लागली, पुढे कोलकात्याला तो पगारी खेळाडू म्हणून खेळला, गुडघा गेल्यावर परीक्षा देऊन कोच झाला. दोन क्लबांनी त्याला काढलं. हा तिसरा. यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या वाटणीची मॅच मी बघावी, असं ठरवून शनिवारी सकाळी निघाले.

बांद्याहून पेडण्याला बसने जायला फार वेळ लागत नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की मोपाच्या विमानतळाची पाटी लागते. त्याच सड्यावर, कातळाच्या माळावर, रघू शाळा चुकवून अनवाणी खेळायचा. आता वर विमानं उतरतात, आणि खिडकीशी बसलात तर एखादं दिसतंच. रघू आता डिचोलीला राहतो; पेडण्याच्या बाजारात तो गाडी घेऊन उभा होता. आधी पातळभाजी आणि गरम उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव, खाल्ले. चहासकट दोघांचं शंभराच्या आत भागलं. सकाळी दहाच्या आत जा, नंतर भाजी संपते.

"डिचोलीक जाण्याआधी हळर्णाक एका घरी जावचा आसा," रघू म्हणाला.

हळर्णला लोक पडका किल्ला बघायला जातात. आम्ही किल्ल्याला न जाता कापलेल्या शेतांमधून गजाननच्या घरी गेलो. गजानन संघाचा कप्तान, चौतिशीचा. त्याची आई अंगणात सुपारी सोलत होती. गाडी बघून ती उठली नाही.

"कोच घरी येता म्हणजे खबर बरी नसता. हळर्णच्या कुत्र्यांकय ठाऊक आसा ता."

रघू पायरीवर बसला. "गजा, उद्या पयल्या अकरांत तू नाय. तेंचो उजवीकडचो पोरगो वाऱ्यासारखो धावता. तू पुरणार नाय."

"अख्खी मॅच भायर?"

"ठाऊक नाय. खोटा कशाक सांगू?"

आई आत गेली आणि तीन कप चहा घेऊन आली. "घे. राग तुझेर आसा, चायेर नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाये, हो तुझो दीर? लहानपणी दोन थापडी कमी पडल्यो."

"मीच द्यायला हव्या होत्या," मी म्हटलं. त्यावर ती हसली. रघू नाही हसला.

हळर्णहून अस्नोड्यामार्गे डिचोलीचा रस्ता चांगला आहे, वळणं मात्र जपून घ्यावीत. वाटेत मी विचारलं, "फोनवर सांगितलं असतंस तर?"

त्याने पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, "दादा गेलो त्या दिवशी बांद्यापासून हॉस्पिटलापर्यंत 'दादा बरो आसा' म्हणून मी तुका खोटा सांगत रवलंय. तेव्हापासून कोणाचाय काय असला तरी घरी जाऊन सांगतंय."

आमच्याकडे रीतच आहे. नवरा गेला तरी बायकोला 'बरा आहे' नाहीतर 'सीरियस आहे' एवढंच सांगून गाडीत बसवतात. त्या दिवशी माझ्या मांडीवर पेजेचा डबा होता. यांना मिठात मुरवलेल्या लोणच्याची फोड आवडायची, म्हणून तीही घेतली होती. रघू गाडी चालवत होता आणि त्याला सगळं माहीत होतं. आम्ही दोघं याबद्दल कधी बोललो नव्हतो.

रात्री रघूकडे राहून रविवारी दुपारी साखळीवरून पाळीला पोचलो. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर खाणीची तांबडी धूळ होती. मैदानाला तिकीट नव्हतं. टोपी आणि पाणी मात्र न्या, सावली फक्त कमिटीच्या मंडपात. मी मंडपामागच्या पायरीवर बसले. मध्यंतराला आमचा संघ एका गोलने मागे होता. पुढच्या खुर्च्यांवर कमिटीचे दोघे बोलत होते. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

"जिंकू दे नाय तर हरू दे, नवो कोच ठरलो."

"रघूक कोण सांगतलो?"

"सोमवारी ग्रुपार घालतले. तोंडार कोण सांगता?"

रघू समोरच, पन्नास पावलांवर पाण्याच्या बाटल्या वाटत होता. मी उठले नाही. मॅच हातात असताना माणसाला कसं सांगायचं?

दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा धावणारा पोरगा दमला. रघूने गजाननला आत घेतलं. एका कॉर्नरवर गजाननने डोक्याने बरोबरी केली आणि शेवटी शेवटी दुसरा गोल झाला. संघ खालच्या गटात न घसरता वरच्या गटात राहिला. पोरांनी रघूला खांद्यावर घेतलं.

तो मला बांद्याला सोडायला निघाला. "वाचलंय गे वयनी," तो दोनदा म्हणाला. तो यांच्यासारखाच स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. गप्प राहणं अगदी सोपं होतं. साखळीच्या अलीकडे मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि ऐकलं होतं ते शब्द न बदलता सांगितलं.

त्याने इंजिन बंद केलं. "कधी ऐकलंस?"

"मध्यंतराला."

मग त्याने गाडी परत सुरू करून पाळीकडे वळवली. "पोरांका ग्रुपार वाचूक लागता नये."

संघ अजून मैदानावरच होता. मी गाडीतून बघितलं. रघू मधे उभा राहून बोलला, मग एकेकाशी हात मिळवला. गजाननने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

घरी येऊन आठ दिवस झाले. रघूला अजून संघ नाही. हा प्रवास दोन दिवसांत सहज होतो. जमलं तर मॅचच्या दिवशी करा.

माझ्यापुरतं एक राहिलं. तीन वर्षं मी त्या गाडीतल्या खोट्याचा राग धरून होते. पायरीवर पाऊण तास मीही तोंड मिटून बसले होते, तेव्हा कळलं की समोरचा आशेवर असताना तोंड उघडत नाही. राग गेला आहे, हे रघूला अजून माहीत नाही. फोनवर सांगण्यासारखं ते नाही. उद्या सकाळच्या बसने डिचोलीला जाते आहे.