दमलेल्या पोटरीची रेघ

तारकर्लीत रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढताना दोराला ज्याचा हात लागेल त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो गाववाला असो की पाहुणा. मला तो वाटा घ्यायची लाज वाटायची. जाळं अर्ध्यावर यायच्या आत माझ्या पोटऱ्या दगडासारख्या होत आणि मी वाळूत बसकण मारी. बारावीतला, दिसायला चांगला धडधाकट मुलगा. बाबा सगळ्यांदेखत म्हणत, "खावक काळ, भुंयक भार."

शेवटी मालवणच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, तपासणीसाठी स्नायूचा तुकडा काढण्याआधी एमआरआयच्या यंत्रात पाय घालून बघू. पोटरीला पट्टा बांधला, पायाखाली पेडल दिलं. पेडल दाबायचं आणि सांगितलं की थांबायचं. दमलेली पोटरी ताकद किती वेळात भरून घेते ते यंत्र बाहेरूनच मोजणार होतं. बाकी अंग हलवायचं नव्हतं.

आत जाताना बाबा कानाशी म्हणाले, "जोर लाव. हयसर तरी लाज काढू नको."

मग काय, रापणीचा दोर ओढतात तसं कंबर उचलून, दातओठ खाऊन मी पेडल दाबलं. सगळं मोजमाप बिघडलं. "अरे, इथे ताकद दाखवायची नाही," डॉक्टर म्हणाले. "दमलास तर दमू दे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या खेपेला आलेख नीट आला. थांबल्यावर जी रेघ झरझर वर चढायला हवी, ती माझी रेंगाळत होती. स्नायूंना ताकद पुरवणारे मायटोकॉन्ड्रियाच धड चालत नव्हते. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. दर वर्षी असंच मोजून आजार वाढतोय का ते पाहायचं ठरलं. आणि हा दोष आईकडून येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं.

पुढच्या रापणीला बाबांनी किनाऱ्यावर मोठ्यानं सांगितलं, "झील माझो आळशी नाय. दुखणा आसा. आवशीकडसून इला."

माझी मान वर झाली. सगळे आईकडे बघायला लागले. मासळीची टोपली उचलायला वाकलेली ती तशीच खाली बसली. बाजाराच्या वाटेवर टोपली उतरवून बसते म्हणून बाबांची बोलणी ती वर्षानुवर्षं खात आली होती. मी तिच्याजवळ गेलो.

"आये, तुझे पाय पण असेच भरतत?"

"लग्नाआधीपासून."

"मगे सांगूक काय झाला होता?"

तिनं मान वर केली नाही. "मी काय सांगतलंय? माका वाटला, मीच आळशी."