निळ्या बोटीच्या फळ्या

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. बोरगाव मेघेच्या या घरात माझ्यासोबत जेवणाऱ्या एकाही माणसाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो आहे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

आधी मनोहरदादांबद्दल सांगायला हवं. अल्लीपूरला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि माझे वडील त्या दुकानात पोती उचलायचे. दादा शिकले, जहाजावर रेडिओ ऑफिसर झाले. सुट्टीवर आले की मला ओट्यावर बसवून गणितं घालायचे. माझ्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनियर झालो, वर्ध्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागलो, ते दादांमुळे. हे मी कितीदा भाषणांत सांगितलं आहे! भाषणात सांगणं सोपं असतं.

निवृत्त झाल्यावर दादांनी शिडाची बोट घ्यायची ठरवली. लोक हसले. "इथं धाम नदीत गुडघाभर पाणी नाई, अन् दादा शीड लावून राह्यले!" दादाही हसायचे. वहिनी मात्र हसल्या नाहीत. नवरा आयुष्यभर समुद्रावर आणि त्या अल्लीपुरात — आता दोघांनी बोटीतच राहायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं केरळपर्यंत जायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

गोव्यात दोन जुन्या बोटी विकायला होत्या. पण नेमकं तेव्हाच दादांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, प्रवास बंद, आणि विकणारे थांबायला तयार नव्हते. दादांनी मला पाठवलं.

"तू इंजिनियर हायेस," ते म्हणाले. "रंग पाहू नको. केबिनच्या खालच्या फळ्या उचलजो अन् बोल्ट पाहजो. बाकी सारं मागून दुरुस्त होते."

शिडाच्या बोटीखाली एक जड वजन असतं, त्याला कील म्हणतात. वाऱ्यानं बोट कलली की तेच तिला पुन्हा उभं करतं. ते बोटीच्या तळाला बोल्टांनी आवळलेलं असतं. ते बोल्ट गेले तर? मला कळत होतं. मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पांढरी बोट आधी पाहिली. रुंद, केबिनमध्ये ताठ उभं राहता येईल अशी, शिडं नवीन. मालक तुसडा होता, पण त्यानं स्वतः फळ्या उचलल्या, टॉर्च माझ्या हातात दिला. बोल्ट स्वच्छ होते. मग त्यानं मला समुद्रात नेलं. हलकी बोट, लाटेवर आपटत होती. मी ओकलो. त्याच्या पायांवर. त्यानं बादली पुढे सरकवली.

निळी बोट दुसऱ्या दिवशी. जुनी, अरुंद, पण जड. पाण्यात गाईसारखी शांत उभी. आत सागवान. आणि तिचा मालक — "काऊन जी, तुमी अल्लीपूरचे? माह्यं गाव हिंगणघाट!" इतक्या दूर आपली बोली ऐकली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या बायकोनं पाटवडीचा रस्सा केला होता. केबिनच्या जमिनीवर, त्याच फळ्यांवर, सतरंजी अंथरून त्यांनी मला जेवायला बसवलं.

ज्याच्या घरी जेवलो त्याचीच जमीन उचकटून पाहायची? आपल्याकडे असं करतात का? ताटं उचलली गेल्यावर तो म्हणाला, "चला, एक चक्कर मारून येऊ." मला कालची बादली आठवली. मी म्हणालो — नको, सगळं पाहून झालं.

दादांना फोन केला. कितीतरी वेळ दोन्ही बोटींची तुलना सांगितली. रुंदी, वजन, शिडं, स्वयंपाकाची जागा. वहिनींना ओट्याला टेकून उभं राहता येईल, हेसुद्धा. सगळं खरं होतं. मग दादांनी विचारलं, "बोल्ट?"

"पाहिले," मी म्हणालो. "निळीचे जास्त चांगले आहेत."

जास्त चांगले! हे का जोडलं मी?

दादा नंतर स्वतः गोव्याला गेले, तेव्हाही त्यांनी फळ्या उचलल्या नाहीत. "तू पाह्यलं ना? मंग झालं."

केरळच्या वाटेवर, गोव्याच्या थोडं दक्षिणेला निळी बोट उलटली. दादांना मच्छीमारांनी काढलं. वहिनी केबिनमध्ये होत्या.

बोट पालथीच किनाऱ्याला लागली. दादांनी फोटो पाठवला. खालची कील नव्हती. दादांना वाटलं, खडकाला घासून ती उखडली. आपल्याला डोळ्यांनी नीट दिसलं नाही, खडक दिसला नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. बोल्टांची तुटलेली टोकं गंजानं खाऊन पेन्सिलीसारखी बारीक झाली होती. असं एका धक्क्यात होत नाही. त्याला वर्षं लागतात. मी हेच मुलांना फळ्यावर शिकवतो.

मी दादांना लिहिलं — वाईट वाटलं.

तेव्हा सांगता आलं असतं. तेराव्यालाही आलं असतं. दादा प्रत्येक येणाऱ्यापुढे हात जोडून म्हणत होते, "माह्या डोळ्यानं घात केला." मी शेजारी बसून लोकांना पाणी देत होतो.

त्यांची मुलगी मीनल पुण्याहून आली होती. डोळे असे असताना बाबांनी आईला समुद्रात नेलंच का, म्हणून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. जायच्या दिवशी बॅग भरून झाल्यावर तिनं मला पुढच्या खोलीत गाठलं.

"काका, तुम्ही बोट पाहिली होती. इंजिनियर आहात. खरं सांगा, चूक बाबांचीच होती ना?"

अजून तिला थांबवता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

"खडकाच्या फार जवळ गेले असतील," मी म्हणालो.

मधलं दार उघडंच होतं. आतून दादांचा आवाज आला.

"बरोबर सांगून राह्यला तो, पोरी. जवळच गेलतो मी."

मीनल आत गेली नाही. तिनं बॅग उचलली. ती बॅग मी तिच्या हातातून घेतली आणि ऑटोपर्यंत नेऊन दिली.