डबा परत देताना

गिरण्यांचा संप मोडला त्या सुमारास मी वाकोल्यात एकट्या म्हाताऱ्यांना महिला मंडळाचं जेवण पोचवायचे. त्यातल्या एका मालवणी आजीचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. जेवून झालं की ती डबा विसळायची आणि चिमूटभर साखर, नाहीतर दोन आमसुलं घालूनच परत द्यायची.

एकदा तिने डबा घेतलाच नाही. "आज घरात काय नाय. रिकामो डबो कसो देव गो?"

काल मंडळाला सुट्टी होती, म्हणजे ती कालपासून उपाशी, तरी हटेना. माझे पाय भरून आलेले, वाद घालायचं त्राण नव्हतं. उंबऱ्यावरच बसले. म्हटलं, "मग पाणी भरून दे, आजी. तहान लागलीय."

तेव्हा कुठे ती जेवली. पिशवीतले बाकीचे डबे निवत होते, पण मला उठवत नव्हतं.