तानपुऱ्यावरच्या मावशी

नाशिकला आमच्या संस्थेत मुलांच्या संगीत शिष्यवृत्तीची परीक्षा व्हायची, तेव्हा तानपुऱ्यावर एक मावशी असायच्या. मी मुलांची नावं पुकारायचो. मावशींचं नाव मात्र कधी विचारलं नाही. बसल्या की त्या बांगड्या मागे सारायच्या आणि प्रत्येक मुलाला म्हणायच्या, "घाई नाही हं, बाळा."

एकदा सुरगाण्याहून जीपने एक मुलगी आली. तिचा सूर तानपुऱ्याहून वरचा होता. परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, "याच सुरात गा."

"मला नाय जमणार," मुलगी रडवेली झाली.

मावशींनी वाजवणं थांबवलं. "सर, तुम्ही चहा घ्या. मी हिचा सूर लावते."

चांगली दहा मिनिटं त्या खुंट्या पिळत होत्या. मुलगी शेजारी बसून पाणी प्यायली, जरा हसली. मग अशी गायली, की परीक्षक थांबवायचंच विसरले. शिष्यवृत्ती तिलाच मिळाली.

आता तानपुरा मोबाईलवर वाजतो. मावशी येत नाहीत. परवा एक मुलगी घाबरून नुसतीच बसून राहिली. मोबाईलवर सूर तिचाच लावला होता, अचूक होता. तेव्हा कळलं, मावशींना तारा लावायला एवढा वेळ का लागला होता.